प्रकाश पोहोचतो तिथेच काम करतो : डॉ. नील्स फिन्सेन यांचे आयुष्य आणि फिश टँकमधला यूव्ही दिवा

तुमच्या घरी खाऱ्या पाण्याचा, प्रवाळांचा फिश टँक आहे का? किंवा मुलाने हट्ट धरल्यामुळे लवकरच येणार आहे? मग दुकानदाराने तुम्हाला यूव्ही स्टरिलायझर नक्की सुचवला असेल. काळी नळी, आत जांभळट प्रकाशाचा दिवा, बाजूने वाहणारे पाणी. हा दिवा लावला की पाण्यातले जंतू मरतात, मासे आजारी पडत नाहीत आणि टँकमध्ये हात घालणाऱ्या माणसालाही काही होत नाही, असा बहुतेकांचा समज असतो.

यातले पहिले विधान बरेचसे खरे आहे. दुसरे अर्धे खरे आहे. तिसऱ्यावर विसंबणे मात्र धोक्याचे ठरू शकते.

हा फरक समजून घेण्यासाठी मी तुम्हाला एका डॉक्टरांची गोष्ट सांगणार आहे. प्रकाशाने जंतुसंसर्ग बरा करता येतो हे त्यांनी सव्वाशे वर्षांपूर्वी रुग्णांवर दाखवून दिले आणि त्यासाठी त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. ते स्वतः मात्र तरुणपणापासून आजारी होते.

बेटावरचा मुलगा

नील्स रायबर्ग फिन्सेन यांचा जन्म १५ डिसेंबर १८६० रोजी फेरो बेटांवरील तोर्शावन येथे झाला. ही बेटे उत्तर अटलांटिक महासागरात आहेत आणि तेव्हाही डेन्मार्कच्या ताब्यात होती. हिवाळ्यात तिथे दिवस जेमतेम पाच तासांचा असतो आणि त्यातही आकाश बहुधा ढगाळ. वडील सरकारी अधिकारी होते, घराणे मूळचे आइसलँडचे. नील्स चार वर्षांचे असताना त्यांची आई वारली.

शिक्षणासाठी त्यांना आधी डेन्मार्कमधल्या निवासी शाळेत ठेवले. तिथे हा मुलगा स्वभावाने चांगला, पण बुद्धीने आणि उत्साहाने बेताचा असा शेरा मिळाला. मग त्यांना आइसलँडमध्ये रेक्याविकच्या शाळेत घातले. तिथेही ते वर्गात मागेच राहिले. तुमच्या मुलाच्या प्रगतिपुस्तकाने तुम्ही काळजीत असाल तर एवढे लक्षात ठेवा, की याच मुलाला पुढे नोबेल पारितोषिक मिळाले.

१८८२ साली ते वैद्यकीय शिक्षणासाठी कोपनहेगनला आले. त्याच वर्षी जर्मनीत रॉबर्ट कॉख यांनी क्षयरोगाचा जंतू शोधून काढला. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध येणार आहे हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हते.

आजार आणि ऊन

शिकत असतानाच, वयाच्या तेविसाव्या वर्षाच्या आसपास, फिन्सेन यांना त्रास सुरू झाला. थकवा यायचा, रक्त कमी झाले आणि पुढे पोटात पाणी साठू लागले. हृदय, यकृत आणि प्लीहा यांच्याभोवतीचे आवरण हळूहळू जाड आणि कडक होत जाणारा हा आजार होता. त्या काळी त्यावर उपाय नव्हता.

ते राहत होते ती खोली उत्तरेकडे तोंड करून होती, त्यामुळे तिथे ऊन येत नसे. उन्हात बसले की आपल्याला बरे वाटते, हे त्यांच्या लक्षात आले. समोरच्या छपरावर एक मांजर ऊन खात पडलेले असायचे. सावली सरकत त्याच्यापर्यंत आली की ते उठून पुन्हा उन्हात जाऊन बसायचे. असे का होते? उन्हात नक्की काय आहे? हा विचार त्यांच्या डोक्यातून गेला नाही.

१८९० मध्ये ते डॉक्टर झाले. शरीररचनाशास्त्र विभागात त्यांना विद्यार्थ्यांसाठी शवविच्छेदनाची तयारी करण्याची नोकरी मिळाली. १८९३ मध्ये ती सोडून त्यांनी उरलेली सगळी ताकद प्रकाशाच्या अभ्यासाला दिली. आदल्याच वर्षी त्यांचे लग्न झाले होते, प्रकृती ढासळत होती आणि हाताशी पैसा फारसा नव्हता. अशा वेळी पगाराची नोकरी सोडणे सोपे नसते.

पहिली कल्पना टिकली नाही

सूर्यप्रकाशाने जंतू मरतात हे इंग्लंडमधल्या दोन संशोधकांनी १८७७ मध्येच दाखवले होते. फिन्सेन यांनी आधी प्रकाशाच्या अपायाकडे पाहिले. निळे, जांभळे आणि त्यापलीकडचे न दिसणारे अतिनील म्हणजेच अल्ट्राव्हायोलेट किरण त्वचा भाजतात, तांबडे किरण तसे करत नाहीत. मग देवीच्या रुग्णांना लाल पडद्यांच्या खोलीत ठेवले तर त्यांच्या फोडांचे व्रण कमी होतील, असे त्यांनी १८९३ मध्ये सुचवले.

या उपचाराची खूप चर्चा झाली, अनेक ठिकाणी तो वापरला गेला. पण काळजीपूर्वक तपासणी झाली तेव्हा तो टिकला नाही. मोठ्या डॉक्टरांची प्रत्येक कल्पना बरोबर असते असे नाही. उपचाराचा उपयोग पडताळूनच पाहावा लागतो.

कानाच्या पाळीचा प्रयोग

यानंतर फिन्सेन यांनी प्रश्न उलटा केला. जे किरण त्वचेला अपाय करतात तेच त्वचेतल्या जंतूंवर सोडले तर?

अडचण होती ती पोहोचण्याची. जंतू त्वचेच्या आत असतात. त्यांच्यापर्यंत प्रकाश जातो का, हे पाहण्यासाठी त्यांनी आपल्या पत्नीच्या कानाच्या पाळीमागे फोटोचा कागद ठेवला आणि समोरून प्रखर प्रकाश सोडला. कागद काळा पडला नाही, कारण पाळीतल्या रक्ताने किरण शोषून घेतले. मग पाळी दोन काचांमध्ये घट्ट दाबून तिच्यातले रक्त बाजूला सारले. आता तोच प्रकाश थोड्याच वेळात आरपार गेला आणि कागद काळा पडला.

या साध्या प्रयोगातून त्यांचा पुढचा सगळा उपचार उभा राहिला. प्रकाश कितीही प्रखर असला तरी जंतूपर्यंत पोहोचला नाही तर त्याचा उपयोग शून्य. म्हणून वाटेतला अडथळा आधी दूर करायचा. हे वाक्य लक्षात ठेवा, फिश टँककडे वळताना ते पुन्हा लागणार आहे.

ज्यांना लोक टाळत होते ते रुग्ण

त्या काळी युरोपात ल्युपस वल्गारिस नावाचा आजार बराच होता. हा त्वचेचा टीबी, बहुधा चेहऱ्यावर होणारा. (आज आपण ज्याला नुसते ल्युपस म्हणतो तो सांधे आणि मूत्रपिंडावर परिणाम करणारा आजार वेगळा.) नाक, गाल, ओठ हळूहळू झडत जायचे. जखम डागणे, खरवडणे, औषधाने जाळणे असे उपाय केले जात आणि रोग पुन्हा उलटे. रुग्ण तोंड झाकून घरात बसत, त्यांना काम मिळत नसे.

१८९५ च्या नोव्हेंबरमध्ये फिन्सेन यांना पहिला रुग्ण मिळाला. कोपनहेगनच्या वीज कंपनीत काम करणारा हा इंजिनिअर कित्येक वर्षे या आजाराने त्रस्त होता. कंपनीच्याच जागेत कार्बन आर्क दिव्याच्या प्रकाशात त्याच्यावर उपचार सुरू झाले. रोज थोडी थोडी त्वचा, महिनोन् महिने. चेहरा सुधारला.

१८९६ मध्ये दानशूर लोकांच्या मदतीने कोपनहेगनमध्ये प्रकाशोपचाराची संस्था सुरू झाली. तिथले दृश्य डोळ्यांसमोर आणा. मध्यभागी टांगलेला मोठा दिवा, त्यातून निघालेल्या चार नळ्या, प्रत्येक नळीखाली एक रुग्ण. शेजारी बसलेली परिचारिका क्वार्ट्झचे पोकळ भिंग त्वचेवर दाबून धरायची, म्हणजे तिथले रक्त बाजूला सरेल. भिंगातून थंड पाणी खेळत राहायचे, म्हणजे त्वचा भाजणार नाही. एका वेळी नाण्याएवढ्या जागेवर साधारण तासभर उपचार व्हायचा, दुसऱ्या दिवशी शेजारची जागा. शेकडो रुग्णांवर असे उपचार झाले आणि त्यातले बहुतेक बरे झाले किंवा पुष्कळ सुधारले. डेन्मार्कची राजकन्या आणि ब्रिटनची युवराज्ञी अलेक्झांड्रा यांच्यामुळे १९०० मध्ये हा दिवा लंडनच्या रुग्णालयातही पोहोचला.

गंमत म्हणजे हा उपचार कशामुळे लागू पडतो, याचा उलगडा फार उशिरा झाला. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डॅनिश संशोधनात फिन्सेन यांची जुनी उपकरणे तपासली गेली. त्यांच्या भिंगांतून सुमारे ३४० नॅनोमीटरपेक्षा कमी लांबीचे किरण बाहेरच पडत नव्हते. म्हणजे जंतुनाशक म्हणून आज वापरतात ते तीव्र अतिनील किरण त्यांच्या रुग्णांपर्यंत पोहोचतच नव्हते. टीबीच्या जंतूंमध्ये पॉर्फिरिन नावाचे रंगद्रव्य असते. ते पोहोचलेला निळा-जांभळा प्रकाश शोषून घेते, त्यातून ऑक्सिजनचे तिखट रूप तयार होते आणि जंतू मरतो. बहुधा अशा रीतीने रुग्ण बरे होत होते, असा निष्कर्ष त्या संशोधकांनी काढला.

तुमच्या टँकमधला दिवा

आजच्या यूव्ही स्टरिलायझरमध्ये पाऱ्याच्या वाफेचा दिवा असतो. त्यातून सुमारे २५४ नॅनोमीटरचे किरण निघतात. ते जंतूच्या डीएनएला इजा करतात, मग जंतूची वाढ होत नाही. घरातल्या यूव्ही वॉटर प्युरिफायरमध्येही बहुधा असाच दिवा असतो. फ्रान्समधल्या मार्सेय शहरात १९१० मध्ये पिण्याच्या पाण्यासाठी असे किरण वापरून पाहिले गेले होते.

किरण वेगळे असले तरी फिन्सेन यांचा नियम तोच. दिव्याजवळून जे पाणी जाते, त्यात जे तरंगते, त्याच्यावरच परिणाम होतो. वाळूत, दगडावर, माशाच्या अंगात किंवा काचेवरच्या बुळबुळीत थरात जे आहे त्याला हा दिवा दिसतही नाही.

दिवा कधी उपयोगी पडतो?

- पाणी हिरवे झाले असेल, म्हणजे तरंगणारे शेवाळ वाढले असेल तेव्हा.
- तरंगत्या जिवाणूंमुळे पाणी दुधाळ झाले असेल तेव्हा.
- समुद्री माशांवर पांढरे ठिपके आणणाऱ्या परजीवीचा प्रसार कमी करण्यासाठी. हा परजीवी काही दिवस माशाच्या कातडीत राहतो, मग गळून वाळूत कोष करतो आणि कोषातून बाहेर पडलेली पिल्ले एक-दोन दिवस पाण्यात पोहत नवा मासा शोधतात. दिवा फक्त या पोहणाऱ्या पिल्लांना गाठू शकतो. म्हणून त्याने प्रसार मंदावतो, आजारी मासा बरा होत नाही. त्याला वेगळ्या टँकमध्ये ठेवूनच उपचार करावे लागतात. नवा मासा आणल्यावर काही आठवडे वेगळा ठेवणे हा त्याहून चांगला उपाय.

दिवा कधी बंद ठेवावा?

- नवा टँक सुरू करताना बाटलीतले उपयुक्त जिवाणू पाण्यात सोडले असतील तेव्हा, ते दगड-वाळूवर स्थिरावेपर्यंत.
- प्रवाळांसाठी जिवंत सूक्ष्म शेवाळ किंवा बारीक जीव खाद्य म्हणून सोडले असतील तेव्हा.
- पाण्यात औषध घातले असेल तेव्हा. काही औषधे या किरणांनी निकामी होतात, म्हणून औषधाच्या वेष्टनावरची सूचना वाचा.

पाणी गाळून झाल्यावरच दिव्याकडे जाऊ द्या, कारण गढूळ पाण्यात किरण आत शिरत नाहीत. परजीवीसाठी पाण्याचा वेग कमी लागतो, शेवाळासाठी जास्त चालतो. दिव्याभोवतीच्या काचेवर क्षारांचा थर बसला की किरण अडतात, म्हणून ती अधूनमधून साफ करा. दिवा पेटलेला दिसत असला तरी त्याची जंतुनाशक ताकद महिन्यागणिक कमी होते. साधारण वर्षाने किंवा कंपनी सांगेल तेव्हा तो बदला. पेटलेल्या दिव्याकडे उघड्या डोळ्यांनी कधीच पाहू नका. डोळ्यांच्या बुबुळाला भाजल्यासारखी इजा होते आणि काही तासांनी प्रचंड वेदना सुरू होतात.

आणि तुमचा हात?

आता मी हा लेख ज्यासाठी लिहायला घेतला तो मुद्दा. फिन्सेन ज्या जंतूशी लढले, त्याच्याच कुळातला एक जंतू माशांमध्ये आणि फिश टँकच्या पाण्यात राहतो. त्याचे नाव मायकोबॅक्टेरियम मरिनम. १९२६ मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या मत्स्यालयातल्या समुद्री माशांमध्ये तो सापडला. हाताला चीर, खरचटलेली जागा किंवा माशाच्या काट्याची जखम असताना टँकमध्ये हात घातला तर तो त्वचेत शिरू शकतो.

बहुधा दोन ते चार आठवड्यांनी, कधी त्याहूनही उशिरा, बोटावर किंवा हाताच्या पाठीवर लालसर-जांभळट गाठ येते. ती फारशी दुखत नाही. काही जणांना हातावरून वर चढत जाणाऱ्या गाठींची रांग दिसते. उशीर झाला तर संसर्ग बोटांच्या शिरांच्या आवरणात आणि सांध्यातही जाऊ शकतो आणि बोट कायमचे आखडू शकते.

यूव्ही दिवा लावला म्हणून हा धोका टळत नाही. हा जंतू बराचसा दगड, काच आणि नळ्यांवरच्या बुळबुळीत थरात चिकटून असतो, आणि टँक साफ करताना तुमचा हात नेमका तिथेच असतो. दिवा दूर संपमध्ये पेटलेला असतो.

म्हणून हे करा :

- टँकमध्ये हात घालताना लांब, पाणी न शिरणारे हातमोजे घाला. हातावर जखम असेल तर हातच घालू नका.
- काम झाल्यावर साबण लावून वाहत्या पाण्याखाली हात धुवा.
- नळीतून पाणी काढताना तोंडाने ओढू नका.
- मधुमेह असेल, स्टेरॉइड किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे चालू असतील तर टँक साफ करण्याचे काम घरातल्या दुसऱ्या कोणाकडे द्या.

डॉक्टरांना कधी दाखवावे? हातावरची गाठ किंवा जखम दोन-तीन आठवड्यांत बरी होत नसेल, वाढत असेल किंवा नेहमीच्या अँटिबायोटिकने फरक पडत नसेल, तर लगेच दाखवा. आणि घरी फिश टँक आहे हे न विसरता सांगा. हा एक शब्द फार मोलाचा आहे. हा जंतू शरीराच्या तापमानापेक्षा कमी, म्हणजे सुमारे ३० ते ३२ अंश तापमानात वाढतो, आणि प्रयोगशाळेला तशी सूचना दिली नाही तर तपासणीत तो निसटू शकतो. तुम्ही सांगितले नाही तर आम्हा डॉक्टरांच्याही मनात तो सहजासहजी येत नाही. निदान झाले की योग्य औषधे काही महिने घ्यावी लागतात आणि बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होतात. हा आजार एका माणसाकडून दुसऱ्याला होत नाही, त्यामुळे घरच्यांनी घाबरू नये.

फिन्सेन यांची शेवटची वर्षे

१९०३ मध्ये फिन्सेन यांना वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हा मान मिळवणारे ते पहिलेच डॅनिश. पण ते घ्यायला स्टॉकहोमला जाण्याची ताकद त्यांच्यात उरली नव्हती. शेवटची वर्षे ते चाकाच्या खुर्चीवर होते. पोटातले पाणी पुन्हा पुन्हा सुईने काढावे लागे. पारितोषिकाच्या पैशातला मोठा वाटा त्यांनी आपल्या संस्थेला आणि हृदय-यकृताच्या रुग्णांसाठीच्या रुग्णालयाला देऊन टाकला.

ज्या माणसाने प्रकाश त्वचेत उतरवला, त्याच्या स्वतःच्या हृदयाच्या आवरणापर्यंत आणि यकृतापर्यंत कोणताच प्रकाश पोहोचणार नव्हता.  आपण काय खातो, किती पाणी पितो, किती मीठ घेतो आणि पोटात पाणी किती साठते, याच्या नोंदी ते ठेवत गेले. शरीरात मीठ कसे साठते यावरचा त्यांचा शेवटचा लेख १९०४ मध्ये प्रसिद्ध झाला. पोटात पाणी झालेल्या रुग्णाला आज आम्ही मीठ कमी करायला सांगतो, ती वाट त्यांनी स्वतःच्या शरीरावर तपासली होती.

२४ सप्टेंबर १९०४ रोजी कोपनहेगनमध्ये त्यांचे निधन झाले. वय अवघे ४३.

पुढे टीबीवर औषधे आली, १९४० च्या दशकात स्ट्रेप्टोमायसिन आणि १९५२ मध्ये आयसोनियाझिड. औषध रक्तातून शरीराच्या प्रत्येक कोपऱ्यात जाते. प्रकाशाला ते जमत नव्हते, म्हणून फिन्सेन यांचे दिवे मागे पडले. आज त्वचेचा टीबी गोळ्यांनी बरा होतो आणि आपल्या देशात टीबीचे उपचार सरकारी केंद्रात मोफत मिळतात.

तुमच्या टँकमधला दिवा जरूर लावा. तो पाणी स्वच्छ ठेवायला मदत करेल. पण घरात जंतुनाशक म्हणून कोणतेही उपकरण आणाल तेव्हा एकच प्रश्न विचारा : हे नेमके कुठपर्यंत पोहोचते? जिथे ते पोहोचत नाही, तिथली काळजी तुम्हालाच घ्यायची आहे. आज घरी गेल्यावर टँक साफ करणाऱ्या माणसाचे हात एकदा उजेडात नीट बघा.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. तुमच्या त्रासाबद्दल तुमच्या डॉक्टरांचा प्रत्यक्ष सल्ला घ्या.)